पाळकीणबाई, तुमचे आभार

आदरणीय पाळकीणबाईंना,
सप्रेम जय ख्रिस्त.

तुमच्या यजमानांची, आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांची बदली झाली आणि निरोपाच्या दिवशी मला काही बोलताच आलं नाही. म्हणून हे पत्र, तेही उघड. माझ्याविषयी वाईट बोललं गेलं ते चारचौघांत. तुमचे आभारही चारचौघांतच मानायला हवेत.

चर्चच्या महिला मंडळाने हार्वेस्टला, म्हणजे पिकाच्या उपकारस्तुतीच्या सणाला, केलेल्या लिलावाचे पैसे मी लेकीच्या लग्नात वापरले, ही कुजबुज कुठून उठली कोण जाणे. खजिनदार मी, लग्नही त्याच सुमारास. लोकांना तेवढं पुरलं. उपासना सुटली की बायका नजर चुकवून निघून जायच्या. लेकीने तर चर्चला येणंच सोडलं. धीर द्यायला येणारे म्हणायचे, "सहन कर, प्रभू बघून घेईल." त्यांच्या मनात माया होती, पण माझा जीव अधिकच गुदमरायचा. खोटं ऐकून घ्यायचं, एवढाच का आपला विश्वास?

तुम्ही बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढलात. दुसरा गाल पुढे करा असं शिकवणाऱ्या प्रभूला महायाजकापुढे शिपायाने चपराक मारली, तेव्हा त्याने विचारलं: माझं बोलणं चुकलं असेल तर दाखवून दे, नाहीतर मला का मारतोस? मी लहानपणापासून वाचलेलं वचन, पण माझ्या कामाचं म्हणून ते तुम्ही दाखवलंत. हेरोद राजापुढे मात्र तोच प्रभू गप्प राहिला. तमाशा बघायला बसलेल्यांना उत्तर देऊ नका, ज्यांना विचारायचा अधिकार आहे त्यांना सगळं दाखवा, असं तुमचं म्हणणं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवलेलं लांबलचक उत्तर मी पुसून टाकलं आणि वह्या, पावत्या, बँकेचं पासबुक चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीपुढे ठेवलं.

त्या दिवसांत तुम्ही पंडिता रमाबाईंविषयी पुष्कळ सांगितलंत. त्यांनी विधवा मुलींसाठी काढलेल्या शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती करतात, या आरोपावरून १८९३ साली पुण्यात केवढं वादळ उठलं! रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. आपल्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार उघडं असतं, मुली येऊन बसतात, हे रमाबाईंनी लपवलं नाही. पुढे दुष्काळ पडला तेव्हा उपाशी मुलींना केडगावात आसरा द्यायला त्याच उभ्या राहिल्या. हे ऐकून मला फार बळ आलं.

सगळ्यात अवघड होतं ती कुजबुज पुढे सांगणाऱ्या मंडळीतल्या बहिणीच्या घरी जाणं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे आधी एकटीनेच जा, असा तुमचा आग्रह. मी गेले. तिने चहा दिला. "मी ऐकलं तेच बोलले," म्हणाली. माफी मागितली नाही, आजही मागितलेली नाही. तरी तिच्या नावाने रोज प्रार्थना करायला तुम्ही मला लावलंत, आणि प्रभुभोजनाच्या रविवारी तिच्या शेजारी बसताना माझ्या मनात राग उरला नव्हता. हे माझ्या ताकदीबाहेरचं होतं, बाई. ते प्रभूने केलं, पण वाट तुम्ही दाखवलीत.

पंचांनी हिशेब चोख असल्याचं वेदीवरून जाहीर केलं. काहींच्या मनात अजून संशय आहे, असू दे. लेक पुन्हा चर्चला येते. खजिनदारी मी सोडलेली नाही. तुम्ही सुचवल्याप्रमाणे दर महिन्याचा हिशेब आता फलकावर लागतो.

नव्या मंडळीत प्रभू तुम्हा दोघांना सांभाळो. नाताळात लेक-जावई येणार आहेत, तेव्हा तुम्हीही या.

तुमची,
महिला मंडळातली एक बहीण