कव्हरची तुलना करण्याआधी आवाज सारखा करा

संपादक महोदय,

पॉप गायकांनी जुनी गाजलेली गाणी पुन्हा गावीत, म्हणजेच त्यांची 'कव्हर' करावीत की नाही, हा वाद नेहमी एकाच वळणाने जातो. एक म्हणतो, मूळ गाण्याची सर नाही. दुसरा म्हणतो, नवं जास्त भिडतं. नेमकं काय बदललं, हे मात्र कुणीच सांगत नाही. आवाजाची पातळी, लय, पट्टी, शब्द आणि गाण्यात बोलणारी व्यक्ती, एवढं तपासलं तरी निम्मा वाद जागच्या जागी मिटेल.

पहिली फसगत आवाजाची. आजची गाणी मास्टरिंगमध्ये, म्हणजे प्रसिद्धीआधीच्या शेवटच्या ध्वनिसंस्कारात, बरीच मोठ्या आवाजाची केलेली असतात. दोन ध्वनिमुद्रणांत एखाद-दोन डेसिबलचा फरक असेल, तर कानाला तो 'आवाज मोठा आहे' असा कळत नाही. मोठं गाणं जास्त स्वच्छ, जास्त भरीव वाटतं, इतकंच. म्हणून ॲपमधली आवाज समान ठेवण्याची सोय चालू आहे ना, ते आधी पाहावं. स्पॉटिफायवर ती मुळातच चालू असते आणि गाणी उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचं एकक) आसपास आणते. जुनी सीडी लावणार असाल, तर दोन्हीकडे गायकाचा गळा सारखाच जवळ वाटेपर्यंत नव्याचा आवाज हाताने खाली घ्या. मत त्यानंतर बनवा.

मग लय. स्टॉपवॉच लावून 32 ठोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजा, एकदा कडव्यात आणि एकदा ध्रुवपदात. मिनिटाला 100 ठोके असतील तर 19.2 सेकंद लागतात. ध्रुवपदात तेच 18.6 सेकंदांत आटोपले, तर लय 103 वर गेली. 1960च्या दशकातली कितीतरी गाणी वादकांनी एकत्र बसून, कानात क्लिक (लय धरून ठेवणारी यांत्रिक टिकटिक) न घेता वाजवली आहेत, आणि ध्रुवपदाकडे जाताना त्यांची लय अशी आपसूक चढते. नव्या मुद्रणात बहुधा प्रत्येक ठोका संगणकावर आखलेल्या समान अंतराच्या जाळीवर बसवलेला असतो. लय चढत नाही, म्हणून चढ आणायला वाद्यं वाढवावी लागतात: दुसऱ्या कडव्याला तंतुवाद्यं, पुढे ड्रम, शेवटी कोरस. गाणं जड होतं, पुढे सरकत नाही. 'जुन्यात जीव होता' असं ज्यांना वाटतं, त्यांच्या कानाने बहुधा हेच टिपलेलं असतं.

सुरांचंही तसंच. 1997 साली ऑटो-ट्यून हे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर आलं, तेव्हापासून सूर दुरुस्त करणं काही मिनिटांचं काम झालं. बेसूर जागा सावरायला त्याचा वापर झाला तर माझी तक्रार नाही. पण दुरुस्तीचा वेग जास्त ठेवला की गायक खालून घसरत सुरावर येतो ती मींड पायरीसारखी तुटते, आणि जुन्या गाण्यांतला निम्मा भाव तर मींडेतच असतो.

पट्टी ठरवतानाची चूकही वारंवार दिसते. पुरुषाने गायलेलं गाणं बाई गाणार असेल, तर पट्टी चार-पाच अर्धस्वर हलवावी लागणं साहजिक आहे. ती ठरते मात्र शेवटच्या उंच, टाळ्या घेणाऱ्या सुराकडे पाहून. परिणामी पहिल्या ओळीचे खालचे सूर गळ्याच्या आवाक्याबाहेर जातात आणि गायिका माइकजवळ पुटपुटते. ज्या ओळीने गाणं सुरू व्हायचं, तीच ऐकू येत नाही.

'आय विल ऑलवेज लव्ह यू' ऐकताना हे सगळं ध्यानात घ्यावं. डॉली पार्टनचं मूळ गाणं 1974 साली आलं, ते तिने साधेपणाने गायलं, आणि तिसरं कडवं तर ती गातच नाही, बोलते. व्हिटनी ह्यूस्टनने 1992 साली सुरुवातीचं सुमारे पाऊण मिनिट एकाही वाद्याशिवाय गायलं. तीन मिनिटांच्या सुमाराला सगळं थांबतं, ड्रमचा एकच ठोका पडतो आणि पट्टी एका पूर्ण स्वराने वर जाते. नक्कल करणारे तो वरचा सूर उचलतात. तो सूर तोलून धरणारी शांतता आणि सुरुवातीचा रिकामा अवकाश कुणी उचलत नाही. म्हणून त्यांचं गाणं आरडाओरड वाटतं आणि तिचं वाटत नाही.

माझ्या मते खरं कव्हर तेच, ज्यात गाणं कुणाच्या तोंडी आहे, याचा निर्णय झालेला असतो. ओटिस रेडिंगच्या 1965च्या 'रिस्पेक्ट'मध्ये घरी परतणारा पुरुष मान मागतो. 1967 साली अरीथा फ्रँकलिनने तोच मान बाईच्या तोंडून मागितला, 'रिस्पेक्ट' या शब्दाचं एकेक अक्षर उच्चारून. मागच्या कोरसच्या जागा नव्या बांधल्या, आणि मूळ गाण्यात नसलेला सॅक्सोफोनचा तुकडा मध्ये घातला. याउलट ल्यूक कोम्ब्स या कंट्री (अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या) गायकाने 2023 साली 'फास्ट कार' गाताना काउंटरवर काम करणाऱ्या मुलीची ओळसुद्धा बदलली नाही. तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णयच. त्या वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'साँग ऑफ द इयर' सन्मान मूळ गीतकार ट्रेसी चॅपमनला मिळाला, तिचं गाणं 1988चं असताना.

यातून पैशाचा मुद्दा येतो, आणि वादात तो हमखास सुटतो. अमेरिकेत एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं ठरलेलं शुल्क भरून कुणीही ध्वनिमुद्रित करू शकतो. आपल्या शैलीला जुळवण्यापुरते बदल चालतात, पण मूळ चाल आणि गाण्याचा गाभा हलवता येत नाही. 2025 सालचा दर, पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला, दर प्रतीमागे किंवा डाउनलोडमागे 12.7 सेंट होता. तिथल्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गायकाला नाही. 'रिस्पेक्ट' रेडिओवर इतकी वर्षं वाजलं ते अरीथाच्या आवाजात, आणि त्या वाजण्याचं मानधन गेलं ते गीतकार रेडिंगच्या, आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसांच्या, वाट्याला. कव्हर म्हणजे मूळ कलावंताची लूट, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आपल्याला एकच विनंती. कव्हरची बातमी किंवा परीक्षण छापताना गायकाच्या छायाचित्राखाली एक ओळ द्यावी: गाणं कुणाचं, पहिल्यांदा कधी प्रसिद्ध झालं, शब्द बदलले का. उदाहरणार्थ, 'हर्ट': गीत-संगीत ट्रेंट रेझनर, 1994, जॉनी कॅशच्या आवाजात 2002, एक शब्द बदलून.

आपला,
एक संगीत संयोजक