चुकीला कंस का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला ब्लॉकचेनवरचा लेख दोनदा वाचला. ब्लॉकचेन म्हणजे नोंदींचे गठ्ठे (ब्लॉक) साखळीसारखे एकमेकांना जोडून ठेवणारी संगणकावरची वही. दुसऱ्यांदा वाचताना जास्त चीड आली. लेखकमहाशय आधी म्हणतात, सातबारा ब्लॉकचेनवर गेला की ब्रह्मदेवालाही तो बदलता यायचा नाही. पुढच्याच रकान्यात म्हणतात, चूक झाली तरी घाबरू नका, ‘कॅमेलियन हॅश’ आहे. हॅश म्हणजे ब्लॉकच्या मजकुरावरून निघणारा ठसा; एरवी एक अक्षर बदलले तरी तो बदलतो आणि साखळी तुटते. इथे मात्र ज्याच्याकडे गुप्त किल्ली, त्याने ब्लॉकमधला मजकूर बदलला तरी हॅश तोच राहतो आणि साखळी तुटत नाही. कॅमेलियन म्हणजे सरडा. नाव तरी प्रामाणिक ठेवले, हे बरे. पण किल्ली कोणाच्या कमरेला, यावर लेखात एक ओळ नाही.

सरड्याची कला आम्ही मराठवाड्यात आधीच पाहिली आहे. सातबारा संगणकावर चढवताना आमचे 2 हेक्टर 40 आर क्षेत्र 2 हेक्टर 04 आर झाले. एक शून्य इकडचे तिकडे गेले आणि एकराला चारच गुंठे कमी एवढे रान गायब! ना फेरफार, ना नोटीस. दुरुस्तीसाठी मात्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 चा अर्ज, जुना उतारा, प्रतिज्ञापत्र आणि चौदा महिने हेलपाटे. ‘संगणकात असंच आहे, काका,’ हे वाक्य इतक्यांदा ऐकले की नातवाला पाठ झाले. त्या साली पीकविमाही 2.04 वरच.

शेवटी कामी आला तो वडिलांनी ट्रंकेत जपलेला हाताने लिहिलेला सातबारा. त्यात जुने नाव खोडत नसत; त्याला कंस करत आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर टाकत. कोणी, कधी, कशावरून बदलले, ते गाव नमुना सहात, म्हणजे फेरफाराच्या वहीत, सापडे. चुका तेव्हाही होत, लबाड्याही होत. पण खूण राहायची.

दुरुस्तीला माझा विरोध नाही, माझीच तर झाली! किल्लीचे तुकडे करून चार-पाच जणांत वाटता येतात. 2019 मध्ये संशोधकांनी मतदानाने बदल करायची आणि जुन्या ब्लॉकची खूण ठेवायची रीतही मांडली आहे. म्हणजे आमचा कंसच की! लेखात हे का नाही?

आणि ‘बदलता येत नाही’ म्हणाल, तर 2016 साली इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवर 36 लाख इथर (तिथले डिजिटल चलन) लांबवले गेले, तेव्हा साखळीलाच फाटा फोडून ते परत फिरवले. ज्यांना पटले नाही ते जुन्या साखळीवर राहिले, इथेरियम क्लासिक म्हणून. इथेरियमवाल्यांचे 36 लाख इथर महिनाभरात सुटले, माझे 36 आर सुटायला चौदा महिने.

जाता जाता. पीकविम्यावरच्या माझ्या मागच्या पत्राखाली आपण गावाचे नाव चुकीचे छापले. कळवले, तर ऑनलाइन अंकात गुपचूप बदलले, शुद्धिपत्र नाही. त्या दुसऱ्या गावचे लोक अजून मला विचारतात, तुम्ही आमच्याकडे कधी राहायला आलात? यावेळी म्हणून गावच लिहीत नाही.

आपला,
एक शेतकरी, गोदाकाठ