बाबांची डबल बेल, आईची अर्धी गोळी

ति. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आईचं गॅसवरचं दूध नेमकं तेव्हाच वर येतं, म्हणून लिहितेय. बाबा, आईला वाचून दाखवा. मधला मजकूर गाळू नका.

पुढच्या महिन्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. ऑपरेशनची मला धास्ती नाही, त्यानंतरच्या दोन-तीन रात्रींची आहे.

बाबा, तुमच्या खुब्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की तुम्ही उठून गॅलरीत जाता. आज बसा. त्या दुसऱ्या रात्री तुम्ही पुन्हा कंडक्टरच्या ड्युटीवर होतात. "पुढे सरका, उतरणारे पुढे या," असं नर्सला सांगत होतात आणि सलाइनची नळी घंटीची दोरी समजून दोनदा ओढलीत. डबल बेल! चादरभर रक्त. मग हात बांधले, झोपेचं इंजेक्शन दिलं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मलाच विचारत होतात, "कुठलं तिकीट, ताई?" काका म्हणाला, वय झालं, डोकं गेलं. आईने मीठ-मोहरीने दृष्ट काढली. (मोहरी वॉर्डभर सांडली म्हणून मावशींनी आमची खरडपट्टी काढली, ते वेगळंच.)

डोकं गेलं नव्हतं, बाबा. आजी ज्याला वातात बरळणं म्हणायची, तेच हे. डॉक्टर डिलिरियम म्हणतात, म्हणजे भ्रम. दुखणं, औषधं, जागरण, अंगातलं पाणी कमी होणं, सगळं एकदम अंगावर आलं की वय झालेला मेंदू काही दिवस गोंधळतो. सकाळी बरं, दिवेलागणीनंतर बिघडलेलं. बहुतेकांचं ओसरतं. पण काहीजण घरी आल्यावरही पूर्वीसारखे व्हायला महिने घेतात, म्हणून आधीच जपायचं.

तुम्ही अजून पूर्ण भुलीलाच दोष देता. २०२१ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या खुब्याच्या १६०० रुग्णांवर हेही तपासलं गेलं. पूर्ण भूल असो की कमरेतलं इंजेक्शन, दोन्हीकडे साधारण पाचातल्या एकाला भ्रम झाला. मला तर आमच्याच चुका दिसतात. श्रवणयंत्र हरवेल म्हणून मीच पिशवीत ठेवलं. चष्मा कपाटात. खोलीला खिडकी नाही, दिवा रात्रभर चालू. ऐकू येईना, दिसेना, दिवस की रात्र कळेना. तिथे मीसुद्धा तिकिटं फाडली असती.

येल विद्यापीठात शॅरन इनूये या डॉक्टरबाईंनी सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांचा अभ्यास केला, तो १९९९ मध्ये छापून आला. ते ऑपरेशनचे नव्हेत, इतर आजारांचे रुग्ण होते. उपाय काय, तर चष्मा आणि श्रवणयंत्र लावून देणं, पाणी पाजणं, चालवणं, आज वार कोणता हे बोलण्यात आणणं, रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम दूध आणि पाठ चोळणं. नेहमीच्या सेवेत भ्रम १५ टक्क्यांना झाला, इथे १० टक्क्यांच्या आत. आई, दूध आणि पाठ चोळणं! आम्हाला ताप आला की तू दुसरं काय करायचीस?

आता तुझं. फ्रिजवरच्या डब्यात, बडीशेपेच्या पुडीखाली, अल्प्राझोलमची, म्हणजे तुझ्या झोपेच्या गोळीची, पट्टी आहे. रोज रात्री अर्धी. केमिस्ट ओळखीचा आहे म्हणून ते औषध निरुपद्रवी होत नाही. या गोळ्यांनी भ्रमाचा धोका वाढतो, आणि रोजची गोळी एकदम बंद केली तरीही माणूस बिथरतो. तेव्हा स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांग. "मी काही घेत नाही" असं म्हणालीस तर मी तिथेच पट्टी काढून दाखवीन. सर्दीची गोळी आणि काढासुद्धा सांगायचा.

उपाशी किती वेळ राहायचं तेही त्यांनाच विचारू. साधं पाणी बऱ्याचदा ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, दुधाचा चहा नाही. पण तुझी संकष्टी मध्ये आणू नकोस. आणि कळ सोसून गप्प बसायचं नाही. दुखणं अंगावर काढलं तरी भ्रम होतो.

बाबा, दिवसपाळी तुमची, रात्र माझी. चष्मा, कवळी, कालनिर्णय आणि भिंतीवरचं छोटं घड्याळ यांची पिशवी मी भरीन. डॉक्टर हो म्हणाले की तिला उठवून चालवायचं, लघवीची नळी कधी काढणार हे रोज विचारायचं, भेटायला एका वेळी दोघेच. ती ओरडली नाही, नुसती मलूल पडून राहिली, तर "किती शांत पेशंट" म्हणून खूश होऊ नका. तोही भ्रमच असू शकतो, आणि तो लक्षात येत नाही. लगेच नर्सला सांगा.

एक काम आजपासून. रोज संध्याकाळी आईला मराठी महिने उलटे म्हणायला लावा, फाल्गुन, माघ, पौष असे. आत्ता ती कुठे अडखळते ते वहीत लिहा, म्हणजे तिथे वेगळं काही झालं तर आपल्याला कळेल. तुम्हीही म्हणून बघा. मी काल म्हटले, आश्विनाशी अडले.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी रात्रीच्या गाडीने येतेय. डबा फ्रिजवरून हलवू नका, मला जागा माहीत आहे.

तुमची,
ताई