उन्हाळी निसर्गफेऱ्यांसाठी माणसं हवीत, भिंगंही हवीत

सप्रेम नमस्कार.

शाळांना सुट्ट्या लागल्या आणि ओढे आटले की आमच्या डोंगरातल्या निसर्गफेऱ्या सुरू होतात. भर उन्हाळ्यात कशाला, असं पुष्कळजण विचारतात. खडक बघायला याच्याइतका चांगला हंगाम नाही. एरवी पाण्याखाली आणि गवताखाली असलेलं ओढ्याचं पात्र आता उघडं पडलेलं असतं, आणि एकावर एक बसलेले थर बोट ठेवून मोजता येतात. पहाटे निघायचं, ऊन तापायच्या आत परतायचं.

चढ संपत आला की वाटेत एक जागा येते. वरचं सगळं रान वाळलेलं, पानं गळलेली. कड्याच्या मधोमध मात्र एका आडव्या रेषेत नेचे, शेवाळ आणि हिरवीगार झुडपं, कुणी मुद्दाम ओळीनं लावल्यासारखी. तिथं आम्ही काहीच सांगत नाही. फक्त विचारतो, हिरवं इथंच का? कुणी म्हणतं सावली असेल, कुणी म्हणतं माती चांगली असेल. मग कुणीतरी हात लावतं आणि खडक ओला लागतो. रेषेच्या वर वालुकाश्म, म्हणजे वाळूचा खडक. पावसाचं पाणी त्याच्या कणांमधून सावकाश खाली झिरपत राहतं. रेषेच्या खाली चिखल दाबला जाऊन तयार झालेला घट्ट पंकाश्म. त्यात शिरायला वाट मिळत नाही, म्हणून पाणी दोघांच्या सांध्यातून बाहेर येतं. डोंगराला झरा फुटतो तो असा. उन्हाळ्यात पक्षी त्याच झऱ्यावर येतात, म्हणून पक्षी बघायला आलेली मंडळी तिथून पुढे दगडांकडेही बघायला लागतात.

अशा जागा वाटेवर बऱ्याच आहेत. उतारावरची काही झाडं बुंध्याशी वाकून मग सरळ वर गेलेली दिसतात. खालची माती उताराबरोबर फार हळू सरकत असते आणि झाड पुन्हा पुन्हा स्वतःला सावरत वाढतं. खडकावरचा राखाडी-पिवळा डाग म्हणजे दगडफूल. एक बुरशी आणि एक शैवाल मिळून झालेला तो जीव. खडकाला चिकटून वाढणाऱ्या काही जाती वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत, त्यामुळे तळहाताएवढा डाग कित्येक पिढ्यांपूर्वीचा असू शकतो. हे कळल्यावर त्यावर बूट घासायला कुणी धजावत नाही. पाटी लावून जे साधत नाही ते इथं दोन मिनिटांत साधतं, आणि या फेऱ्या चालू राहाव्यात असं आम्हाला इतकं मनापासून वाटतं ते यासाठीच.

अडचण अशी आहे की मार्गदर्शक कमी पडतात. एका मार्गदर्शकामागे आम्ही बाराच जण घेतो. पायवाट अरुंद आहे. त्याहून लांब रांग झाली तर शेवटच्याला काही ऐकू येत नाही, आणि पाय घसरला तर पुढच्याला कळतही नाही. हा आकडा आम्ही वाढवणार नाही. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात लांबून आलेल्या मुलांना पायथ्यावरूनच परत पाठवावं लागलं. ते आम्हाला फार लागलं.

म्हणून पहिली विनंती तुमच्या वेळेची. आठवड्यातली एक सकाळ, उन्हाळ्याचे दोन महिने.

'मला भूगर्भशास्त्र येत नाही' म्हणून मागे राहू नका. आधुनिक भूगर्भशास्त्राचे जनक मानले जाणारे जेम्स हटन शिकले होते वैद्यक, आणि पुढे शेती करत होते. शेतातली माती पावसानं वाहून जाताना बघून त्यांच्या मनात प्रश्न आला, की ही माती जाते कुठं आणि नवी जमीन बनते कशी? 1788 मध्ये स्कॉटलंडच्या सिकार पॉइंटला त्यांनी जवळजवळ उभ्या झालेल्या थरांवर दुसरे थर किंचित तिरपे पसरलेले पाहिले. खालचे थर साचायचे, उभे व्हायचे, झिजायचे आणि मग वर नवे साचायचे, तर त्याला किती प्रचंड काळ लागला असेल, हे त्या एका जागेवर त्यांना सोबत्यांना दाखवता आलं. अमेरिकेच्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात 1917 मध्ये निसर्ग-मार्गदर्शक म्हणून परवाना मिळालेल्या बर्नेल भगिनींपैकी एलिझाबेथ गणित शिकवायच्या. नीट बघण्याची आणि योग्य ठिकाणी थांबण्याची सवय तुमच्यात असली की पुरे, बाकीचं आम्ही शिकवू. निवृत्त शिक्षकांना तर ही विनंती हात जोडून. प्रथमोपचार येणारी माणसंही हवीत, आणि झाडांची जुनी, तोंडातोंडी चालत आलेली नावं ज्यांना ठाऊक आहेत अशी वडीलधारी मंडळीही. चालणं होत नसेल तर पायथ्याशी बसून सांगा, आम्ही लिहून घेऊ.

दुसरी विनंती वस्तूंची. दहापट मोठं दाखवणारी भिंगं सगळ्यात आधी. अभ्रकाचे पापुद्रे, वाळूचे कण, दगडफुलाच्या कडा भिंगाखाली एकदा पाहिल्या की मुलं हलायला तयार होत नाहीत. आज एक भिंग चौघांत फिरतं आणि चौथ्याची पाळी येईतो रांग पुढे गेलेली असते. वापरात नसलेल्या दुर्बिणी, टोप्या, लहान मापाचे बूट आणि पाठपिशव्याही चालतील. कुणाच्या घरी दगडांचा जुना संग्रह पडून असेल तर जरूर द्या, फक्त कोणता दगड कुठून आणला याची चिठ्ठी सोबत असू द्या. ठिकाण माहीत नसलेला दगड नुसता हातात धरायला बरा, त्याची पुढची गोष्ट सांगता येत नाही. आमच्या फेरीत हातोडा नेत नाही आणि जंगलातला खडाही खाली आणत नाही, त्यामुळे कठीणपणाचे प्रयोग अशाच दिलेल्या दगडांवर होतात: नखानं ओरखडा उठतो का, गारगोटी काचेवर रेघ ओढते का.

यंदा एक नवी फेरी घ्यायची आहे, दृष्टिहीन मुलांसाठी. हे आधी सुचायला हवं होतं. वालुकाश्म खरखरीत लागतो, पंकाश्म गुळगुळीत, आणि दोघांच्या मधली ओल बोटाला थंड लागते. तो सांधा डोळे मिटूनही सापडतो, आम्ही शोधून पाहिला आहे. या फेरीत प्रत्येक मुलासोबत एक मोठं माणूस लागेल. वाटेच्या सोप्या भागाला कमरेएवढ्या उंचीवर दोर बांधायचा आहे आणि थांब्यांची माहिती ब्रेलमध्ये हवी आहे. ब्रेल येणाऱ्या कुणीतरी हे काम अंगावर घ्यावं. दोर कुठं आणि कसा बांधायचा हे वन खात्याच्या परवानगीनंच ठरेल, झाडाला खिळा ठोकला जाणार नाही.

पैशाच्या रूपात मदत केलीत तर ती दोर, प्रथमोपचाराच्या पेट्या आणि मुलांच्या प्रवासावर खर्च होईल. पावती मिळेल, आणि हंगाम संपल्यावर हिशेब प्रत्येक दात्याकडे पोहोचेल. फेरीला शुल्क नव्हतं, यंदाही नसेल. देणगीदाराचं नाव खडकावर रंगवायचं किंवा वाटेवर फलक लावायचा, असा आग्रह मात्र कृपा करून धरू नका.

मार्गदर्शकांचं प्रशिक्षण पहिल्या फेरीच्या आधीच्या दोन रविवारी, उजाडताच, पायवाटेच्या तोंडाशी होईल. येताना पाण्याची बाटली, वही आणि पेन्सिल आणा. शाईचं पेन नको, झऱ्यापाशी वही भिजते.

आपले नम्र,
निसर्गफेरी गटाचे सर्व कार्यकर्ते