निळ्या रंगाखालचं गाव

पुणे, १९ मे

प्रिय सुभ्या,

आठ महिने फोन नाही, पत्र नाही. हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण आधी हे वाच. गुडघा बरा आहे, आईची साखर आटोक्यात.

मंगळवारी मी नकाशावरून तुमच्या गावाचं नाव पुसलं. माझ्या हातानं.

शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठच्या जंगलाच्या नकाशाचं काम आहे. तापोळा, बामणोली, वासोटा, सगळा आपला मुलूख. उपग्रहाच्या मोजणीवरून कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेघा, काढायचे. दाट झाडीत ती उंची जमिनीची नसतेच, शेंड्यांची असते. ती निदान दुरुस्त करता येते. पाण्याखालचं मात्र काहीच दिसत नाही. सगळं सपाट येतं, वर निळा रंग भरायचा. वस्ती नाही तिथली नावं काढा, असं वरून सांगितलं. मी काढत गेलो. चौथं नाव तुमचं निघालं.

रात्री झोप लागेना, म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाची धरणाआधीची, इंचाला मैलवाली नकाशाची शीट काढली. तिच्यात तपकिरी रेघा थेट कोयनेच्या पात्रापर्यंत उतरतात. धरण भरलं की पाणी २१६३ फुटांवर येतं, म्हणून तिच्या खालची सगळ्यात जवळची, २१५० ची रेघ पेन्सिलनं गिरवली. तुमची घरं, देऊळ, विहीर, सगळं रेघेच्या आत. आणि तुझे अप्पा सांगतात ती नदीकडे उतरणारी पायवाटही आहे रे! तू म्हणायचास, म्हातारा वाढवून सांगतो. नाही वाढवत. (नागेश्वरच्या वाटेवर नकाशा हिसकावून तू आम्हाला भलत्याच नाळेत, त्या उभ्या घळीत, उतरवलंस, ते दोन तास अजून तुझ्याकडे येणं आहेत.)

ओसाड गावाला शीटखालच्या सूचीत वेगळी खूण असते. पण तुमचं गाव ओसाड थोडंच पडलं? नांदतं गाव उठवलं. पाणी आलं तेव्हा अप्पा बारा वर्षांचे. त्या वाटा पायांनी ठाऊक असलेली किती माणसं उरलीत आता? माझी छातीच दडपते.

महिनाअखेरीला काम द्यायचंय. त्याआधी बुडालेल्या गावांची नावं निळ्यावर बारीक अक्षरात परत टाकणार आहे. वाद झाला तर घालीन. पण शीटवर फक्त गावाचं नाव आहे. माळ, पाणवठे, टेपाडं अप्पांच्या तोंडात. येत्या रविवारी त्यांना घेऊन ये. ठाण्याहून सकाळी निघालात तर जेवायला पोचाल.

ओवीचा दहावीचा निकाल? नवी नोकरी मानवली का? वहिनींना नमस्कार.

शीट मोठी करून छापून ठेवतो. तरी अप्पांना चष्मा आणायला सांग.

तुझा,
मन्या