रमाबाई राहिल्या त्या गावाहून परतल्यावर

ऑक्सफर्ड,
6 ऑक्टोबर

प्रिय आई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "प्रार्थनेला बसते, पण तोंडातून शब्दच फुटत नाही." मला ड्युटीची बस गाठायची होती, म्हणून नुसतं "हं" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून तुझं ते वाक्य मनातून जात नाही. चष्मा लावून, सावकाश वाच.

पप्पांच्या मातीला मी आले नाही, हे तू एकदाही बोलून दाखवलं नाहीस. माझ्या व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज तेव्हा अडकलेला होता. निकाल लागायच्या आत देश सोडला, तर अर्ज मागे घेतला असं धरतात, आणि मग परत येणं अवघड. दादाचं कर्ज, तुझी औषधं, सगळं याच पगारावर. म्हणून राहिले. केअर होमच्या कपडे धुण्याच्या खोलीत, ड्रायर चालू असताना, मोबाइलवर पप्पांना माती देताना पाहिलं. पावसात पाळकसाहेबांचं बोलणं कळत नव्हतं. मग दादाचा हात हलला आणि पडद्यावर फक्त कबरस्तानातला लिंब आणि आभाळ राहिलं. पण पेटीवर पडलेल्या ढेकळांचा आवाज ऐकू आला. तो अजून येतो.

त्यानंतर तीन आठवडे मीही प्रार्थना केली नाही. हे कुणाला सांगितलं नव्हतं. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" एवढं म्हटलं की घसा दाटायचा. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" इथवर तर पोचतच नव्हते.

एका रात्रपाळीत, सगळ्या आजी-आजोबांची औषधं देऊन झाल्यावर, मी स्तोत्रं उघडली आणि हाताला 88 वं लागलं. आपल्या घरच्या उपासनेत ते कधी वाचल्याचं मला आठवत नाही. दुःखाची बाकीची स्तोत्रं शेवटाला बहुधा स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. रात्रंदिवस हाका मारतोय, तू तोंड का लपवतोस, माझी माणसं तूच दूर केलीस, असं म्हणत ते अंधारातच संपतं. मी दोनदा वाचलं. असं बोलणाऱ्याला देवाने हाकलून दिलं नाही, उलट त्याचं गाऱ्हाणं पवित्र शास्त्रात ठेवलं. मग मीही बोलले, आपल्या नगरी बोलीत. "पप्पांना नेलंस ते नेलंस, मला इथं कशाला बांधून ठेवलंस?" उत्तर काही आलं नाही. पण आई, माझी प्रार्थना त्या रात्री परत सुरू झाली. मला आजही खात्रीने एवढंच सांगता येतं, की रागावायलासुद्धा माझ्याकडे देव आहे. तो नसता, तर ते सगळं घेऊन मी कुठे गेले असते?

गेल्या सोमवारी, 29 सप्टेंबरला, सुट्टी होती. बसने वाँटेजला गेले. पंडिता रमाबाई तिथल्या सिस्टर्सकडे राहिल्या होत्या आणि 1883 साली याच तारखेला चिमुकल्या लेकीसह, मनोरमेसह, त्यांचा बाप्तिस्मा झाला. छोटं बाजाराचं गाव आहे. चौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा आहे, तो 1877 चा, म्हणजे रमाबाईंनीही पाहिला असणार. मी पुतळ्याखाली डबा उघडला आणि चपाती-चटणी खाल्ली. मग चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. दुसरं कुणी नव्हतं.

तिथे बसून त्यांचं वय मोजलं. पंचवीस. तेवढ्यात त्यांनी काय काय पाहिलं होतं! दुष्काळात वडील, आई आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. भावाबरोबर पायी फिरताना, अंगावर पांघरूण नाही म्हणून झेलमच्या काठी खड्डे खणून दोघं गळ्यापर्यंत कोरड्या वाळूत निजली. मग तो भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच कॉलऱ्याने नवरा. इंग्लंडला बरोबर आलेल्या आनंदीबाई भगतांनी बाप्तिस्म्याच्या काही दिवस आधी इथेच जीव दिला. रमाबाई स्वतः डॉक्टर व्हायला आल्या होत्या, पण कानाला कमी ऐकू येई, तेही राहिलं.

बाप्तिस्म्यानंतर तरी सोपं झालं का? 1921 मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाई मराठी बायबलच्या भाषांतराचं काम करत राहिल्या आणि पुढच्या एप्रिलमध्ये गेल्या. ते बायबल छापून आलं 1924 ला. लोक साक्ष देताना म्हणतात, विश्वास धरला आणि संकट टळलं. कुणाचं टळत असेल, मी नाही म्हणत नाही. पण तुला हे कुणी सांगायला लागलं की तुझा विश्वास कमी पडला म्हणून पप्पा गेले, तर उठून आत जा. रमाबाईंचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे?

पप्पांची आजी 1900 च्या दुष्काळात केडगावला, आपलं नगरचं नव्हे, दौंडजवळच्या, रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये पोचली होती ना? आईबापाचं नावही तिला सांगता येत नव्हतं म्हणायचे पप्पा. ती तिथे वाचायला शिकली, म्हणून आपल्या घरात शास्त्र आलं. त्या चर्चमध्ये मी तिच्यासाठी उपकार मानले. पप्पांसाठीही मानले. बऱ्याच दिवसांनी रडू मोकळं आलं.

तू सध्या प्रार्थनेची जबरदस्ती करू नकोस. रविवारी मंडळीत जा, मागे बस. गीत सुरू झालं आणि तुला म्हणवलं नाही, तर बाकीच्यांना म्हणू दे, तू ऐक. तुझ्या वाटची प्रार्थना मी इथून करते. तुमचे रात्रीचे साडेनऊ, पप्पा दिवा बारीक करायचे ती वेळ.

व्हिसा आला आहे. नाताळाला येते, तिकीट काढलं. पप्पांचं उपासना संगीत, ते गीतांचं पुस्तक, बाईंडिंगला देऊ नकोस, आणि त्यात खुणेला घातलेली दवाखान्याची चिठ्ठी तशीच राहू दे. ते कुठल्या गीतावर थांबलेत, मला बघायचंय.

दादाला, वहिनींना सलाम. पिंकीला पापा.

तुझी,
बेबी