टी पेशींच्या कथेत जाक मिलर असायलाच हवेत

महोदय,

२०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना जाहीर झाल्यावर आपल्या दैनिकात नियामक टी पेशींवर (टी पेशी म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) आलेला लेख आवडला. स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या पेशींना आवर घालणाऱ्या या पेशी कशा सापडल्या, हे त्यात सोप्या भाषेत मांडले आहे. मात्र ‘टी पेशी पूर्वीपासून ज्ञात होत्या’ एवढे म्हणून लेख पुढे सरकतो आणि ज्यांच्यामुळे त्या ज्ञात झाल्या ते शास्त्रज्ञ जाक मिलर बाहेरच राहतात.

१९३१ मध्ये फ्रान्समधील नीस येथे जन्मलेल्या मिलर यांचे बालपण शांघायमध्ये गेले आणि १९४१ मध्ये त्यांचे कुटुंब सिडनीला स्थायिक झाले. क्षयाने बहीण गमावलेला हा मुलगा पुढे डॉक्टर झाला आणि १९५८ मध्ये लंडनच्या चेस्टर बेटी संस्थेत संशोधनासाठी दाखल झाला. तेथे त्यांच्यापुढचा विषय रोगप्रतिकाराचा नव्हताच. उंदरांमध्ये विषाणूमुळे होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा तो अभ्यास होता. हा रोग छातीतील थायमस, म्हणजे यौवनलोपी ग्रंथीत सुरू होतो आणि दूध तुटण्याच्या वयात ती ग्रंथी काढून टाकली तर रोग टळतो, एवढे माहीत होते. पण विषाणू जन्मतःच टोचलेला असे. म्हणून ग्रंथीही जन्मतःच काढली तर काय होईल, हे पाहण्यासाठी मिलर यांनी जेमतेम ग्रॅमभर वजनाच्या पिलांवर शस्त्रक्रिया केल्या, त्याही तबेल्याची डागडुजी करून उभारलेल्या प्रयोगशाळेत.

दूध तुटल्यावर ही पिले खंगू लागली. त्यांच्या रक्तात आणि प्लीहेत लसीका पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, फारच कमी आढळल्या. मग मिलर यांनी त्यांच्यावर परक्या वाणाच्या उंदरांची त्वचा रोपली. एरवी असा तुकडा काही दिवसांत गळून पडतो. येथे तो टिकला आणि पांढऱ्या उंदराच्या पाठीवर दुसऱ्याच रंगाची लव उगवली. ‘द लॅन्सेट’मध्ये १९६१ च्या सप्टेंबरअखेर प्रसिद्ध झालेल्या छोट्या निबंधात त्यांनी निष्कर्ष मांडला की, थायमस हा मरणाऱ्या पेशींचा उकिरडा नसून प्रतिकारशक्ती घडवणारा अवयव आहे.

हा निष्कर्ष सहजी स्वीकारला गेला नाही. आदल्याच वर्षी नोबेल मिळवलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनाही थायमसमधील लसीका पेशी हा उत्क्रांतीतला बिनमहत्त्वाचा योगायोग वाटत होता, आणि मिलर यांनी वापरलेली त्वचारोपणाची कसोटी तर मेडावर यांच्याच हातून नावारूपाला आली होती! तबेल्यातल्या संसर्गाने पिले खंगली असावीत, ही टीकाकारांची शंका मला मात्र रास्तच वाटते. तिचे उत्तर मिलर यांनी वादाने दिले नाही. अमेरिकेत जाऊन त्यांनी जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांवर तोच प्रयोग केला. ते खंगले नाहीत, पण परकी त्वचा त्यांनाही नाकारता आली नाही. श्रेय एकट्या मिलर यांचे नाही, हेही नोंदवायला हवे. मिनेसोटातील रॉबर्ट गुड यांचा गट त्याच सुमारास त्याच दिशेने पोहोचला होता, आणि त्यापूर्वी कोंबड्यांमधील एका वेगळ्या अवयवाचा प्रतिपिंडांशी (अँटीबॉडीजशी) असलेला संबंध ब्रूस ग्लिक यांनी दाखवला होता.

पुढे मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत मिलर आणि त्यांचे विद्यार्थी ग्रॅहम मिचेल यांनी १९६८ मध्ये दाखवले की, प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी अस्थिमज्जेतून येतात, पण थायमसमधून आलेल्या पेशींच्या मदतीवाचून त्यांचे काम नीट होत नाही. थायमसमधून आलेल्या त्या टी, अस्थिमज्जेतून आलेल्या त्या बी; टी आणि बी पेशींची आज पाठ करून घेतली जाणारी विभागणी ती हीच. माझे आयुष्य सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात गेले. हे दोन प्रकार वेगळे ओळखले कसे, असे विचारले की चांगले गुण मिळवणारा वर्गही गप्प होई.

साकागुची यांच्या कामाचा धागाही येथेच जुळतो. जन्मतः नव्हे तर तिसऱ्या दिवशी थायमस काढला, तर उंदराचे शरीर स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते, हे जपानमध्ये १९६९ मध्ये दिसले होते. हल्ला करणाऱ्या पेशी तोवर बाहेर पडलेल्या असतात, आवरणाऱ्या पुरेशा पडलेल्या नसतात. त्या विसंगतीचा पाठपुरावा करतच साकागुची नियामक टी पेशींच्या १९९५ च्या शोधापर्यंत आले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेली, २०२४ मध्ये लोकार्पण झालेली कार-टी उपचारपद्धतीही रुग्णाच्याच टी पेशींना कर्करोगग्रस्त बी पेशींवर सोडते.

मिलर यांना २०१९ मध्ये अमेरिकी प्रतिकारशास्त्रज्ञ मॅक्स कूपर यांच्यासह वैद्यकसंशोधनाचा लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेल मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही, आणि २०२५ च्या निवडीनंतर ही उणीव अधिकच जाणवते.

एक विनंती. प्रौढांच्या हृदयशस्त्रक्रियेत वाट मोकळी करण्यासाठी थायमस अनेकदा काढला जातो, कारण त्या वयात तो निरुपयोगी मानला जातो. २०२३ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील अभ्यासात असा थायमस काढलेल्या प्रौढांमध्ये नंतरच्या वर्षांत मृत्यू आणि कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. केवळ नोंदींवर आधारलेला हा अभ्यास निर्णायक म्हणता येणार नाही; तरी आपल्याकडील हृदयशल्यविशारद त्याकडे कसे पाहतात, यावर आपल्या आरोग्य पुरवणीत लेख यावा.

— एक निवृत्त प्राध्यापिका, सांगली